साडेदहाची नोंद

फणसेसाहेब, मॅडमच्या आई, कॉलेजमधली प्राध्यापक मंडळी, आणि रविवारच्या वर्गातले माझे सगळे सोबती.

मॅडमच्या या शोकसभेत माझ्या आधी तिघं बोलले. तिघांचाही आवाज मध्येच बसला. माझाही बसेल. म्हणून मी लिहून आणलंय. आज माझ्याकडून एकही शब्द इकडचा तिकडे व्हायला नको. थांबलो तर थोडं थांबा माझ्यासाठी. पुढचं पान हातात आहे.

मी मनोहर तावडे. राहायला चिखलोलीला. अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं रिअॅक्टर ऑपरेटर. शिक्षण दहावी. त्यापुढचं माझं मी शिकलो. वाचनालयातली पुस्तकं आणून, वहीत उतारे काढून, अडलेले शब्द कोशात बघून. मला कोणी शिकवलं नाही, हे मी सगळ्यांना सांगायचो. कोणी विचारलं नाही तरी सांगायचो.

दीड वर्षापूर्वी या कॉलेजनं लेखनाचा एक वर्षाचा कोर्स काढला. दर रविवारी सकाळी नऊ ते बारा. मी नाव घातलं ते शिकायला नाही, मंडळी. खरं सांगतो. सर्टिफिकेट घ्यायला. मला येतंय यावर कोणाचा तरी शिक्का हवा होता.

पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपली ओळख करून द्यायची होती. मी नऊ मिनिटं बोललो. मॅडम शांत ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "छान. आता यातलं काहीही न सांगता, तुम्ही कोण आहात ते एका पानात लिहून आणा."

वर्ग हसला. माझ्या बाजूला कशिश बसली होती. ती बघा, तिथे तिसऱ्या रांगेत बसलीये. उल्हासनगरची, कपड्यांच्या दुकानदाराची मुलगी. घरी सिंधी, बाहेर हिंदी, आणि लिहायचं मराठीत हा तिचा हट्ट. ती माझ्या कानाशी म्हणाली, "काका, टेन्शन मत लो. मला तर नाव सांगतानाच पसीना आला."

मी म्हटलं, काका म्हणू नकोस, इथे आपण दोघंही विद्यार्थी. मॅडमनी ते ऐकलं. म्हणाल्या, "मग मी काय म्हणू? विद्यार्थ्यांना मी अरेतुरे करते." त्या माझ्याहून आठ वर्षांनी लहान. शेवटी 'तावडे' ठरलं. नुसतं तावडे. आमच्या कंपनीतही मला नुसतं तावडे म्हणतात. मला ते बरं वाटलं.

मॅडम वह्या कशा तपासायच्या, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. लाल पेन नाही. फुली नाही. समासात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात एकच प्रश्न. 'कुठे उभे होतात?' बस. जिथे त्यांना वाटायचं की हे लिहिणाऱ्यानं बघितलेलं नाही, नुसतं कुठून तरी आणलंय, तिथे हा प्रश्न.

माझा पहिला निबंध कामगारांच्या कष्टांवर होता. घामाचे थेंब होते, पोलादी मनगटं होती, उद्याची पहाट होती. त्या निबंधावर हा प्रश्न अकरा वेळा आला. मी मोजला. कशिशच्या वहीवर सतरा वेळा होता. ती म्हणाली, "काका, मेरे सत्रह, तुमचे अकरा. म्हणजे तुम्ही टॉपर!"

मी वर्ग सुटल्यावर मॅडमना गाठलं. म्हटलं, मॅडम, हा विचार आहे. विचाराला उभं राहायला जागा लागत नाही.

"लागते," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकतीस वर्षं जिथे उभे आहात, तिथलं यात काहीच कसं नाही? तुमच्या मनगटाला कसला वास येतो, तो लिहा. पोलाद राहू दे."

मला राग आला. पण घरी जाऊन मनगटाचा वास घेतला. बायकोनं विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, अभ्यास. त्या आठवड्यात मी आमच्या कंपनीमागच्या नाल्यावर लिहिलं. कोणत्या दिवशी कोणतं प्लँट चालू असतं ते त्या नाल्याच्या रंगावरून मला कसं कळतं, एवढंच. दोन पानं. समास कोरा आला. मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. मित्रहो, मी तोपर्यंत शेकडो पुस्तकं वाचली होती, पण माझं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षानं न जाता मी चालत घरी गेलो.

मग मला सूर सापडला. पंपाचा आवाज बदलतो तेव्हा झोपलेला माणूस कसा जागा होतो, ते लिहिलं. रविवारी साबणानं तीनदा हात धुऊन मी लग्नाला जातो, ते लिहिलं. मला वाटू लागलं, आता आपल्याला जमलं.

कोर्सच्या शेवटी एक मोठा लेख द्यायचा होता. विषय, 'कामाचा एक दिवस'. मी जो दिवस निवडला, तो अकरा वर्षांपूर्वीचा. आणि आज मी उभा राहिलोय तो त्या दिवसाबद्दल बोलायला. मॅडमबद्दल बोलायचं सोडून हा स्वतःचं काय सांगतोय, असं कोणाला वाटेल. थोडा धीर धरा. तो दिवस आणि मॅडम मला वेगळ्या काढता येत नाहीत.

त्या वेळी माझ्याबरोबर वसंत मेंगाळ नावाचा ऑपरेटर होता. बारवी धरणाच्या पलीकडच्या पाड्यावरचा. नाव मी त्याला विचारून घेतोय. दोघांचे रिअॅक्टर शेजारी. एक चहाला गेला की दुसरा दोन्हीकडे बघणार, ही आमची पद्धत. रिअॅक्टर म्हणजे रसायनं तापवायची बंद टाकी; तिच्यावर दर अर्ध्या तासानं काट्यावरचं तापमान बघायचं आणि लॉगशीटवर लिहायचं. आता खरं सांगतो, पुष्कळ जण काटा बघत नाहीत. शिफ्ट संपताना बसून सगळे आकडे एका दमात भरतात. मी तसं कधी करत नसे. करणाऱ्यांना हिणवायचो. तावडेचा आकडा म्हणजे बघितलेला आकडा, हे मॅनेजरसुद्धा म्हणायचे.

त्या दिवशी सकाळी माझी बॅच बासष्ट अंशांवर होती. दहा वाजता बासष्ट. अकरा वाजता लॉगशीटवर वसंतनं लिहिलं, एक्याऐंशी. माल काळा पडला. सगळी बॅच वाया गेली. चौकशी झाली. साडेदहाची नोंद बासष्ट, माझ्या अक्षरात. त्यानंतर मी चहाला गेलेलो. म्हणजे जे झालं ते साडेदहानंतर, वसंतच्या हाताखाली. तो सांगत राहिला, मी व्हॉल्व्हला हात लावला नाही. पुढे कळलं, रिअॅक्टर तापवणारा तो वाफेचा व्हॉल्व्ह बंद असूनही आतून वाफ सोडत होता. पण तोवर वसंतला ऑपरेटरवरून काढून ड्रम भरायला लावलं होतं. वर्षभरानं तो काम सोडून गावी गेला.

हे मी लिहिलं. बारा पानं. एका गरीब, प्रामाणिक कामगारावर कंपनीनं कसा अन्याय केला, ते मी अगदी पोटतिडकीनं लिहिलं. वर्गात वाचलं तेव्हा कशिश रडली. मागच्या बाकावरून टाळ्या आल्या.

मॅडमनी वही परत दिली. बारा पानांत पेन्सिलीची खूण एकाच ठिकाणी होती. 'साडेदहाला तापमान बासष्ट होते.' या वाक्याशेजारी. 'कुठे उभे होतात?'

मंडळी, त्यांना रिअॅक्टर म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तापमान किती असावं ते माहीत नव्हतं. मी विचारलं, मॅडम, नेमकं हेच वाक्य का? त्या म्हणाल्या, "तावडे, दहा वाजताच्या परिच्छेदात काटा आहे, काचेवरची वाफ आहे, तुम्ही बाहीनं काच पुसलीत ते आहे. अकराच्या परिच्छेदात तुमच्या सहकाऱ्याची हाक आहे. साडेदहाला नुसता आकडा आहे. तुम्ही असं लिहीत नाही."

मी म्हटलं, विसरलो असेन.

"आठवा मग."

मी तीन रविवार वर्गाला आलो नाही.

मी विसरलो नव्हतो. दहाची नोंद करून मी स्टोअरच्या मागे गेलो होतो. तिथे रिकाम्या ड्रमांच्या आडोशाला माझी बसायची जागा होती. वाचनालयाचं पुस्तक होतं, शेवटची चाळीस पानं राहिली होती. वाचून संपवलं आणि आलो तेव्हा दहा पस्तीस झाले होते. बॅच सकाळपासून बासष्टवर होती. मी काटा न बघता बासष्ट लिहिलं, वसंतला हाक मारून सांगितलं, जरा बघ रे, आणि चहाला गेलो. आयुष्यात एकदाच मी न बघता आकडा लिहिला. आणि लोकांनी तो मानला, कारण तो माझा होता.

माझं मी शिकलो, हे मी सांगत फिरायचो. त्यातला एक धडा वसंतच्या नोकरीवर शिकलो, हे कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. अकरा वर्षांत मला खरंच वाटायला लागलं होतं की अन्याय कंपनीनं केला.

या तीन आठवड्यांत मॅडमनी एकदाही फोन केला नाही. कशिशचा मेसेज आला. "काका किधर हो? मॅडम तुमची खुर्ची कोणाला देत नाहीत." चौथ्या रविवारी मी गेलो. बारा पानांची सोळा झाली होती.

मॅडमनी ती चार पानं माझ्यासमोर वाचली. मला वाटलं होतं, काहीतरी म्हणतील. धीर दाखवलात, असं काहीतरी. त्या म्हणाल्या, "आता लेख नीट उभा राहिला. पण याची पहिली वाचक मी नव्हे."

मग कोण?

"तुमचे ते सहकारी. त्यांना वाचून दाखवा. मग मी शेरा लिहीन."

वही त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतली. मला झेरॉक्स दिली.

चिखलोलीहून वसंतचा पाडा मोटरसायकलनं तासाभराच्या आत आहे. मला सात महिने लागले, आणि तरी मी पोचलो नाही. कधी गाडीचं काम, कधी सोसायटीची मीटिंग, कधी माझी शुगर. सर्टिफिकेट मिळालं, ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. मॅडम मधून मधून विचारायच्या, गेलात का? मी म्हणायचो, या रविवारी.

मग त्या आजारी पडल्या. दिवाळीनंतर त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं. फणसेसाहेब, तुम्हाला आठवत असेल, एका दुपारी मॅडमच्या उशाशी बसून तुम्ही मला फोन लावून दिलात. म्हणालात, "तिला दोनच मिनिटं बोलायचंय." मॅडमचा आवाज फार लहान झाला होता.

"तावडे, वाचून दाखवलंत?"

मी म्हटलं, "हो, मॅडम."

"काय म्हणाले?"

"काही बोलले नाहीत. अंगणात खाटेवर बसून ऐकलं. मग चहा दिला."

खाट, अंगण, चहा. बघितलेलं लिहावं म्हणून ज्यांनी मला तपशील द्यायला शिकवलं, त्यांना मी त्याच तपशिलानं फसवलं. इतकं चांगलं जमलं ते मला.

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या. आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी मॅडमच्या घरी भेटायला गेलो तेव्हा फणसेसाहेबांनी माझी वही हातात दिली. म्हणाले, तिनं तुमचं नाव लिहून बाजूला काढून ठेवली होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं एकच शब्द आहे. 'पूर्ण.' अक्षर हललंय. त्या अवस्थेत उठून बसून लिहिलेला तो शब्द आहे, आणि तो माझ्या खोट्यावर लिहिलेला आहे.

गेल्या गुरुवारी मी सुट्टी टाकली आणि पाड्यावर गेलो.

वसंत वालाच्या शेतात होता. मला बघून म्हणाला, "तावड्या! मेलास का जिता हायेस?" मी म्हटलं, एक कागद वाचून दाखवायचाय. तो म्हणाला, "कोर्टाचा का काय?" मग बांधावर बसला. मी उभा राहून सोळा पानं वाचली. चाळीस मिनिटं लागली. त्यानं एकदाही अडवलं नाही.

वाचून झालं. तो म्हणाला, "मना म्हायती व्हतं."

काय?

"तू बघलं नव्हतंस. मी आलो तवा काटा ऐंशीला टेकत व्हता. इतक्यात बासष्टवरनं चढतोय व्हय? तुझा आकडा मी तवाच ओळखला."

मग बोलला का नाहीस?

"बोललो की चौकशीत. पण तुझं अक्षर, नि माझं तोंड. कोण ऐकतो?" थोडा वेळ तो शेंगा सोलत बसला. मग म्हणाला, "तुला इचारणार व्हतो. पण तू तोंडावर नाय म्हटलं असतंस, तर मग काय राह्यलं असतं?"

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ती तुझी तू बघ. हे घरी चल नि हिला वाच. अकरा वर्सं झाली. भात जरा लागला का ही म्हणते, लागली बघा तुमची बॅच."

घरी वहिनींना वाचून दाखवलं. त्या चुलीजवळ बसून ऐकत होत्या. संपल्यावर किती तरी वेळ त्या वसंतकडेच बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "भावजी, तवाच का नाय आलात?"

मंडळी, सोळा पानांत या प्रश्नाचं उत्तर नाही. मी तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बरं. थांबा. पुन्ना वाचायचा. माझी जाऊ येऊ द्या, तिचा मालक येऊ द्या. समद्यांनी ऐकलं पायजे." आणि त्या स्वतः जाऊन आजूबाजूच्या घरातली माणसं घेऊन आल्या. त्या दिवशी मी तो लेख तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी अंगणात वीसेक माणसं होती. वसंत पायरीवर बसला होता, ताठ. मध्येच म्हणाला, "ए, तू हाक मारलीस तवा माझ्या हातात पावडर नव्हती. सोडा व्हता. नीट लिव." मी ते तिथल्या तिथे नीट केलं. मग म्हणाला, "नि हे 'माझा सहकारी, माझा सहकारी' काय लावलंस? कंपनीच्या कागदावर पण मी 'संबंधित ऑपरेटर'च व्हतो. माझा नाव टाक." सोळाही पानांवर जिथे जिथे सहकारी होता, तिथे तिथे मी वसंत मेंगाळ लिहिलं.

आणि चहा दिला नाही त्यांनी. वालाच्या उकडलेल्या शेंगा दिल्या.

फणसेसाहेब, हे आधी तुम्हाला एकट्याला सांगायला हवं होतं. पण मॅडमना मी 'हो' म्हटलं, ते तुमच्याच फोनवरून, आणि या सभेत तीन जणांनी तरी सांगितलं की मॅडमनी तावडेंना बदललं. ते ऐकून मी गप्प बसलो असतो, तर पुन्हा एक न बघितलेला आकडा तुम्ही माझ्या भरवशावर मानला असता. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. मॅडम असेपर्यंत मी ते वाचून दाखवलं नव्हतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

काल कशिश मला म्हणाली, "काका, मॅडमला सब पता होता. फोनवर आवाजावरून कळतं." माझी बायको म्हणते, त्या जिथे असतील तिथून बघत असतील. दोघीही माझ्यावरच्या मायेपोटी बोलतात. पण मला माहीत नाही. मॅडमना कळलं होतं की नाही, ते मी बघितलेलं नाही. त्या आता बघतायत की नाही, तेही मी बघितलेलं नाही. त्यामुळे मी ते म्हणणार नाही. मला इतकंच ठाऊक आहे, की त्यांनी 'पूर्ण' लिहिलं तेव्हा ते पूर्ण नव्हतं, आणि गुरुवारी दुपारी झालं. ते ऐकायला त्या नव्हत्या.

मॅडम, तुमचा विद्यार्थी मनोहर तावडे तुम्हाला हात जोडतो.

मंडळी, आपण सगळे उभे राहूया. काही न बोलता, थोडा वेळ.